ऊर्जा आणि तालुक्याचे अर्थकारण : मंडणगडच्या संदर्भात एक अभ्यास

वीजनिर्मितीच्या संदर्भात रत्नागिरी जिल्ह्याचे नाव गेली साठ वर्षे घेतले जात आहे. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात असले, तरी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी आणलेले त्याचे पाणी वीज निर्माण करते ते कोकणात, चिपळूण तालुक्याच्या हद्दीत. पोफळीचा पहिला संच १९६२ मध्ये फिरू लागला आणि चौथा टप्पा पूर्ण होईपर्यंत या एका तालुक्यातील वीजगृहांची क्षमता १,९२० मेगावॉटवर पोहोचली. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस व वीज कंपनीकडे गेला. जयगडच्या किनाऱ्यावर आयात कोळशावर चालणारे १,२०० मेगावॉटचे केंद्र २०१०-११ मध्ये कार्यान्वित झाले.

आता दुसरा आकडा पाहू. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. त्या दशकात महाराष्ट्रातील ज्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यांत मुंबई शहर आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर रत्नागिरीचा समावेश होता. दर हजार पुरुषांमागे जिल्ह्यात ११२२ स्त्रिया आढळल्या. या प्रमाणाचा अभिमान बाळगण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे लागते की, कर्ते पुरुष मुंबईत असल्यामुळेही ते एवढे वाढलेले दिसते.

हे दोन आकडे शेजारी मांडण्यात वीजप्रकल्पांना दोष देण्याचा हेतू नाही. कोयनेची वीज नसती, तर मुंबई-पुण्याची कारखानदारी आज दिसते तशी उभी राहिली नसती, आणि कोकणातील चाकरमान्याला तेथे रोजगारही मिळाला नसता. परंतु मेगावॉटचा आकडा छापण्यास जितका सोपा, तितकाच तो फसवाही असतो, हे आम्हा माहिती खात्यातील मंडळींना अनुभवाने ठाऊक आहे. वीज जेथे निर्माण होते, तेथे संपत्ती निर्माण होतेच असे नाही. ती निर्माण होते ऊर्जा जेथे मालाची किंमत वाढविते तेथे. तालुक्याच्या पातळीवर ऊर्जाविकासाचा विचार करताना म्हणूनच एक साधा प्रश्न विचारावा लागतो : या गावातून कच्च्या स्वरूपात बाहेर जाणाऱ्या कोणत्या वस्तूवर, थोडी उष्णता किंवा थोडी वीज मिळाल्यास, गावातच प्रक्रिया होऊ शकेल?

तालुक्याची परिस्थिती

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा अगदी उत्तरेकडील तालुका. सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी यांनी तो रायगड जिल्ह्यापासून वेगळा केलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातील. नाना फडणविसांच्या घराण्याचे वेळासही येथलेच. कोकण रेल्वे या तालुक्यास स्पर्श न करता खेडमार्गे जाते. जिल्ह्यातील मोठ्या वीजकेंद्रांपैकी एकही येथे नाही. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो; परंतु जांभ्याचा कातळ आणि तीव्र उतार यांमुळे ते पाणी काही तासांतच खाडीला मिळते आणि मार्च उजाडताच विहिरींचे तळ दिसू लागतात. भात, नाचणी, आंबा, काजू, कोकम, खाडीतील मासळी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर (हल्ली बँकेत परस्पर जमा होणारी रक्कम) हे येथील घरखर्चाचे आधार होत.

यात एक महत्त्वाचा बदल १९९० नंतर झाला. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजनेमुळे कोकणातील वरकस जमिनींवर काजू व आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने विकसित केलेली कलमे डोंगरउतारांवर रुजली. झाडे लावण्याचे काम त्या पिढीने केले. फळांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बऱ्याच ठिकाणी अजून सुटलेला नाही, आणि त्याचा संबंध थेट ऊर्जेशी आहे.

विजेपेक्षा उष्णता अधिक

‘ऊर्जा’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर विजेचा खांब उभा राहतो. प्रत्यक्षात ग्रामीण प्रक्रिया उद्योगाला लागणारी बहुतेक ऊर्जा ही उष्णता असते, वीज नव्हे. काजूचेच उदाहरण घेऊ. बी प्रथम उन्हात वाळवितात, मग वाफेवर शिजवितात, हाताने किंवा पायाने चालविण्याच्या यंत्रावर ती फोडतात, आतील गर गरम हवेच्या ड्रायरमध्ये सुकवितात, नंतर त्याची तांबूस साल सोलून प्रतवारी करतात. यांपैकी वाफ आणि सुकवणी या दोन पायऱ्यांना उष्णता लागते. विजेचे काम दिवे, पंखा आणि पिशव्या बंद करण्याचे यंत्र एवढ्यापुरतेच. शंभर किलो बियांतून साधारण २२ ते २५ किलो गर मिळतो आणि ६५ ते ७० किलो टरफल उरते. हे टरफल म्हणजे उत्तम इंधन. म्हणजेच काजूबी आपल्यावर प्रक्रिया करण्यासाठी लागणारी उष्णता बरोबर घेऊनच येते! बी कच्ची विकली की गराचे मूल्य तर बाहेर जातेच, पण हे इंधन आणि टरफलातील तेलदेखील फुकट बाहेर जाते. देशावरील साखर कारखान्यांनी चिपाडावर बॉयलर पेटवून स्वतःची वीज निर्माण केली, त्याच न्यायाने काजू हे कोकणाचे छोटे ‘ऊसपीक’ ठरू शकते. मात्र टरफलाचा धूर झोंबणारा असतो व त्यातील तेल कातडी भाजते. तेव्हा भट्टी उंच धुराड्याची हवी आणि वस्तीपासून अंतरावर हवी, हे परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतीने पाहिलेच पाहिजे.

कोकमाची कथा याहून नाजूक आहे. रातांब्याची साल काढून ती त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवावी आणि दर वेळी उन्हात वाळवावी, तेव्हा आमसूल तयार होते. या कामाला सलग काही दिवस कडक ऊन लागते. परंतु फळ पिकते ते एप्रिल अखेरपासून जूनच्या आरंभापर्यंत, म्हणजे वळवाचे ढग आणि मृगाचा पाऊस दारात उभे असताना. अंगणात पसरलेली साल एका सरीने काळी पडते आणि झाडाखालचे रातांबे कुजून जातात. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. पण निर्देशांकाने साल वाळत नाही. येथे उपयोगी पडतो तो सौर वाळवणी संच : काळ्या पत्र्याने तापविलेली हवा झाकलेल्या कपाटातून खेळवायची आणि ढगाळ दिवशी खाली टरफलांची लहानशी भट्टी पेटवायची. दापोलीचे कृषी विद्यापीठ मंडणगडच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. वाळवणी संचांचे मार्गदर्शन तेथून घेणे मंडणगडच्या बचत गटांना अवघड नाही. मराठवाड्यात एस फॉर एस या संस्थेने शेतकरी महिलांना सौर वाळवणी यंत्रे देऊन, वाळविलेल्या भाज्यांची विक्रीव्यवस्थाही उभी केली आणि त्या कामास २०२३ चा ‘अर्थशॉट’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यंत्राइतकेच खरेदीदाराशी झालेल्या कराराला त्यात महत्त्व होते. आपल्याकडे यंत्र मिळते आणि करार राहून जातो, असे पुष्कळदा घडते.

उष्णतेच्या हिशेबात जळाऊ लाकडाचाही विचार केला पाहिजे. जिल्ह्यात शासकीय वन अत्यल्प असून रान बहुतांशी खासगी मालकीचे आहे. ते ठराविक वर्षांनी तोडून लाकूड बाहेर पाठविणे हा येथील जुना व्यवहार आहे. मालकाला एकरकमी पैसा मिळतो, म्हणून त्यास सरसकट नावे ठेवून चालणार नाही. परंतु रान उघडे पडले की उतारावरील माती वाहते, झरे लवकर आटतात, आणि गावातील स्त्रियांना सरपणासाठी अधिक लांब जावे लागते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे घरोघर गॅसची शेगडी आली, तरी पाणी तापविण्याची चूल बहुतेक घरी लाकडावरच पेटते. लाकूड हे तालुक्याचे निर्यात होणारे इंधन आहे, असे वर्णन केल्यास वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल. हिशेब मांडून पाहावा.

गोबर गॅसचा उल्लेख येथे थोडक्यात करतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्यातून महिन्याला घरगुती गॅसच्या पावणेदोन सिलिंडरांएवढे इंधन मिळते. कोकणातील गाय अंगाने लहान आणि दिवसभर रानात चरणारी. गोठ्यात शेण मिळते ते रात्रीचेच. म्हणून देशावरचे माप येथे जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने हजारो संयंत्रे उभारून दाखविली आहेत. त्या जिल्ह्यात जे साधले ते या जिल्ह्यात अशक्य मानण्याचे कारण नाही, मात्र गुरे बांधून पोसण्याची तयारी आधी हवी.

पंप, टाकी आणि ग्रामपंचायतीचे देयक

ग्रामपंचायत सदस्यांना ऊर्जेचा विषय सर्वाधिक जाणवतो तो नळपाणी योजनेच्या वीजदेयकाच्या रूपाने. पाच अश्वशक्तीची मोटार ताशी साधारण ४ युनिट वीज घेते. ती रोज सहा तास चालली तर महिन्याला सातशे युनिटांच्या पुढे आकडा जातो. पाणीपट्टीची वसुली अपुरी, अर्धी घरे कुलूपबंद, आणि गणपती-शिमग्याला मुंबईकर आले की पाण्याची मागणी दुप्पट. देयक थकते, जोडणी तोडली जाते आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो.

या ठिकाणी सौर पंपाची उपयुक्तता निर्विवाद आहे. सौर विजेची मोठी अडचण म्हणजे साठवण. बॅटरी महाग असते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. पाणीयोजनेत ही अडचणच उद्भवत नाही. दिवसा ऊन असताना पाणी वरच्या टाकीत चढवावे, संध्याकाळी ते उताराने घरोघर जाईल. टाकी हीच बॅटरी. शिवाय पाण्याची ओढ सर्वाधिक असते मार्च ते मेमध्ये, आणि ऊनही तेव्हाच सर्वाधिक असते. १ किलोवॉटच्या सौर तावदानांपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते व त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, एवढे गणित लक्षात ठेवले तरी पुरवठादाराच्या माहितीपत्रकातील अतिशयोक्ती ओळखता येते.

घरांच्या छपरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री सूर्यघर योजना जाहीर केली. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्येच नावारूपास आले. मंडणगडमध्ये घरगुती निवास-न्याहारी चालविणाऱ्यांना ही योजना विशेष उपयोगी आहे. वेळासला २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवाच्या निमित्ताने पर्यटक ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी उतरतात. पंखे, शीतकपाट आणि पाण्याची मोटार यांचा खर्च तेव्हाच वाढतो. अर्थात किनाऱ्याच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवलेलेच बरे. अंड्यातून बाहेर पडलेली पिले उजेडाच्या दिशेने धावतात आणि समुद्राऐवजी गावाकडे वळतात. ज्या जिवांमुळे गावाला चार पैसे मिळतात, त्यांना विजेने दिशाभूल होऊ देणे परवडणारे नाही.

३ जून २०२०

त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड व दापोली तालुक्यांवर त्याचा मोठा आघात झाला. नारळ, सुपारी, आंबा, काजू यांची पिढ्यांनी जोपासलेली झाडे मुळासकट आडवी झाली. विजेचे खांब आणि तारा त्यांच्याखाली सापडल्या. अनेक गावे कित्येक दिवस, काही तर कित्येक आठवडे अंधारात राहिली. मोबाइलचे मनोरे बंद, पाण्याचे पंप बंद, आणि वर टाळेबंदीचा काळ. राईतून आणि दऱ्याखोऱ्यांतून जाणाऱ्या लांबच लांब वाहिनीच्या टोकाला असणे म्हणजे काय, हे त्या पावसाळ्यात तालुक्याने अनुभवले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले.

याविषयी एक तांत्रिक बाब ग्रामस्थांना स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तीबद्दल सार्वत्रिक गैरसमज आहे. महावितरणच्या वाहिनीला जोडलेला नेहमीचा छपरावरील सौर संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगारास धक्का बसू नये म्हणून ही योजना केलेली असते. म्हणजे बॅटरी व त्यास अनुरूप इन्व्हर्टर नसेल, तर वादळानंतर भर उन्हातही त्या घरात दिवा लागणार नाही. सर्व घरांना बॅटरीचा खर्च झेपणार नाही. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, ग्रामपंचायत कार्यालय आणि पाण्याचा एक पंप यांच्यापुरती ही सोय गावाने जरूर करावी. तावदानांचे सांगाडे छपराच्या कौलांना वा पत्र्यांना नव्हे, तर मूळ बांधकामास घट्ट बांधलेले असावेत, हे निराळे सांगावयास नको.

संस्था कोणाची, जमीन कोणाची

यंत्रसामग्रीविषयी एवढे पुरे. खरी गाठ वेगळीच आहे. महाराष्ट्रात ग्रामीण वीजपुरवठ्याचा सर्वांत मोठा सहकारी प्रयोग तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ मध्ये नोंदविली गेली. सुमारे चार दशके तिने परिसरातील गावांना वीज दिली, विहिरींवर पंप बसले, ऊस वाढला, साखर कारखाने व दूधसंघ भरभराटीस आले. ऊर्जेमुळे परिसराचे अर्थकारण पालटते याचा हा मराठी पुरावा होय. परंतु संस्था ज्या मंडळाकडून वीज घेई, त्याची देणी साचत गेली आणि २०११ मध्ये पुरवठ्याचे काम महावितरणकडे सोपविण्यात आले. वीज गावाची आहे म्हणून तिचे मोल कमी होत नाही. वसुलीची सवय सुटली की सहकारही टिकत नाही.

याउलट पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातील दरेवाडी ही वस्ती अगदीच लहान. २०१२ मध्ये तेथे ३९ घरांसाठी साडेनऊ किलोवॉटच्या आतबाहेरचा सौर संच बसविण्यात आला. घरोघर मीटर लावले, ग्रामस्थांचा न्यास स्थापन झाला आणि देयकाच्या रकमेतून पुढील बॅटरीसाठी शिल्लक टाकण्याचे ठरले. आकाराने नगण्य, पण मीटर पहिल्या दिवसापासून होता. मंडणगडच्या वाड्या आकाराने मुळा-प्रवरेपेक्षा दरेवाडीच्या अधिक जवळच्या आहेत.

कोकणात यापलीकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे सामाईक सातबारा. दीड एकराच्या तुकड्यावर वीस-बावीस नावे. त्यांतील काही मयत, काही मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. काजू युनिटसाठी कर्ज मागावे तर बँक तारणाला सर्वांची संमती मागते. सौर पंपाचा अर्ज करावा तरी हीच अट आडवी येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. परंतु ते कर्जाशी निगडित असल्याने कर्जाचीच वाट अडली तर अनुदान दूरच राहते. म्हणून ऊर्जाविकासाचे पहिले पाऊल तलाठी कार्यालयात पडते, असे म्हटल्यास ते गमतीने घेऊ नये. वारसनोंदी पूर्ण करण्याचे काम गणेशोत्सवात, सर्व भावकी गावी असताना, वाडीवार हाती घेता येईल. जेथे वैयक्तिक जमीन मोकळी होत नाही, तेथे ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर सामाईक वाळवणी केंद्र उभारून ते बचत गटास भाड्याने देणे हा सोपा मार्ग आहे.

ओहोळांची मोजणी

पावसाळ्यात सौर संच मंदावतो, ही त्याची मर्यादा. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत मंडणगडच्या प्रत्येक डोंगरउतारावर ओहोळ धो धो वाहत असतात. सेकंदाला १० लिटर पाणी ३० मीटर उंचीवरून नळाने खाली आणले, तर त्यात सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ३ किलोवॉट शक्ती असते. नळातील घर्षण व यंत्रातील घट वजा जाता दीड किलोवॉट हाती लागली तरी ती दिवसरात्र मिळते, म्हणजे २४ तासांत ३६ युनिट. एवढी वीज मिळविण्यास भर उन्हाळ्यातदेखील छपरावर आठ-नऊ किलोवॉटची तावदाने लागतात. कर्नाटकातील मलनाडात अनेक बागायतदारांनी घरामागच्या ओहोळावर अशी लहान जनित्रे बसविलेली आहेत. मंडणगडला ओहोळ बारमाही नाहीत, ही उणीव खरीच. पण उन्हाळ्यात सूर्य आणि पावसाळ्यात ओहोळ अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे.

कोणत्या ओहोळात किती शक्ती आहे, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी क्वचितच सापडेल. हे काम माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. लहान ओहोळासाठी पन्हळ लावून २० लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. दहा सेकंद लागले तर प्रवाह सेकंदाला २ लिटर. मोठ्या ओहोळात दहा मीटरचा सरळ टप्पा निवडून सुके लाकूड सोडावे, त्यावरून वेग काढावा, पात्राची रुंदी व सरासरी खोली यांनी त्यास गुणावे, आणि तळाशी पाणी संथ असते म्हणून येणाऱ्या आकड्यातून पाचवा हिस्सा कमी करावा. उंची मोजण्यास गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. पुराच्या दिवशी मुलांना पात्राजवळ मुळीच नेऊ नये. जूनपासून दर सोमवारी ही नोंद एका वहीत करावी. अशी निदान तीन पावसाळ्यांची वही हाती आल्याशिवाय ग्रामपंचायतीने जनित्राची मागणी नोंदवू नये. ओहोळ आटल्याचा दिनांकही त्याच वहीत लिहावा, कारण त्या दिवसापासून पुढे किती महिने पंपावर भिस्त ठेवावी लागेल, हे त्यावरूनच ठरविता येते.